पायांवरच्या फुगलेल्या शिरा : त्या का फुगतात?

संस्थेच्या स्मरणिकेसाठी काही तरी उपयोगी लिहून द्या, असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा शिक्षणाविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयावर लिहिणारे या अंकात आणखी चारपाच जण तरी असतील, हे ओळखून मी तो विचार सोडला. दुपारच्या सुट्टीत आमच्या शिक्षकदालनात गेले, तर सातजणींपैकी तिघींनी चपला काढून पाय समोरच्या खुर्चीवर घेतलेले होते. एकीच्या पोटरीवर साडीच्या काठाखालून एक निळी, वेडीवाकडी दोरी वर गेलेली दिसत होती. मी पाहिले असे लक्षात येताच तिने पाय खाली घेतला. तेव्हाच विषय ठरला.

मी डॉक्टर नव्हे. शाळेत विज्ञान शिकवते, आणि पायांच्या या दुखण्याने माझ्या घरातील एका माणसाचा जीव जाता जाता राहिला, म्हणून त्याचा थोडा अभ्यास केला. औषध कोणते घ्यावे हे मी सांगणार नाही. शिरा का फुगतात, आणि त्यात भिण्यासारखे काय व न भिण्यासारखे काय, एवढेच सांगावयाचे आहे.

आधी नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. डॉक्टर लोक या विकाराला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. मराठी वैद्यकाच्या पुस्तकांत ‘अपस्फीत नीला’ असा भारदस्त शब्द आहे. आपण घरात ‘नस फुगली’ असे म्हणतो, आणि तेथेच चूक होते. आपल्या बोलण्यात नस म्हणजे रक्ताची शीरही होते आणि मज्जातंतूही होतो. पोटरीत गोळा आला तरी ‘नस चढली’, कमरेतून पायात कळ गेली तरी ‘नस दबली’. मग शीर फुगलेली बाईसुद्धा नस बसविणाऱ्याकडे जाते आणि तो तेल लावून ती शीर जोराने रगडतो. हे फार वाईट. फुगलेल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असली तर तिला रगडणे धोक्याचे असते. तेव्हा या लेखापुरते आपण असे ठरवू या : हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणारी ती रोहिणी, शरीराकडून हृदयाकडे रक्त परत आणणारी ती नीला किंवा शीर, आणि नस हा शब्द मुळीच वापरावयाचा नाही.

हा विकार काही नव्या काळाचा नव्हे. सुश्रुतसंहितेत ‘सिराजग्रंथि’ म्हणून त्याचे वर्णन आहे. अशक्त मनुष्याने झेपेल त्याहून अधिक श्रम केले म्हणजे वायू शिरांचे जाळे ओढून, आवळून त्याची उंच गोल गाठ बनवितो, असे तेथे कारण दिले आहे. युनानी हकीम याला ‘दवाली’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. अरबीत ‘दालिया’ म्हणजे द्राक्षाचा वेल, आणि दवाली हे त्याचे अनेकवचन. मांडवावर चढलेल्या वेलासारखी पायावर चढलेली शीर ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

सन १०३७ मध्ये निधन पावलेले इब्न सीना यांनी आपल्या ‘कानून’ या ग्रंथात दवाली आणि हत्तीरोग ही दोन दुखणी शेजारी शेजारी घेतली आहेत, आणि दवाली कोणाला होते तेही सांगितले आहे. पायी धावणारे जासूद, ओझी वाहणारे हमाल आणि राजांच्या पुढे उभे राहणारे सेवक यांना ते अधिक होते, असे ते लिहितात. राजांच्या पुढे उभे राहणारे! बडोद्याच्या माणसाने हे वाक्य वाचून थांबलेच पाहिजे. आपल्या या शहरात किती भालदार, चोपदार, हुजरे आणि खिदमतगार दरबारच्या दिवशी तासन् तास हालचाल न करता उभे राहिले असतील! बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि चोपदारांची नोकरी संपली. उभे राहण्याची नोकरी मात्र संपली नाही. मांडवीपाशी वाहतुकीचा पोलीस उभा आहे, मंगळबाजारात कपड्यांच्या दुकानात मुलगी उभी आहे, फरसाणच्या कढईपुढे कारागीर उभा आहे, सोसायटीच्या फाटकाशी पहारेकरी उभा आहे, रुग्णालयात परिचारिका उभी आहे, आणि फळ्यापुढे आम्ही उभे आहोत.

आता उभे राहण्याने शिरेला काय होते ते पाहू. आजव्याच्या तलावाचे पाणी उताराने शहरात येते, कारण पाण्याचा स्वभावच खाली जाण्याचा आहे. आपले रक्तही पाण्यासारखेच वजनदार आहे. हृदयातून निघालेले रक्त पावलापर्यंत सहज पोचते. तेथे हृदयाचा जोरही आहे आणि उतारही आहे. पण पावलाकडून ते परत वर जावयाचे कसे? केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यातून जाईपर्यंत हृदयाच्या धक्क्याचा जोर जवळजवळ संपलेला असतो. मध्यम उंचीचा माणूस उभा असेल तर त्याच्या घोट्यापासून हृदयापर्यंत सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा खांब असतो. त्या खांबाच्या वजनामुळे घोट्याच्या शिरेत सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब पडतो. आडवे झाले की हाच दाब अगदी थोडा होतो.

हा खांब वर ढकलण्यासाठी निसर्गाने दोन युक्त्या केल्या आहेत. पहिली युक्ती म्हणजे पोटरी. पायाच्या मोठ्या शिरा पोटरीच्या स्नायूंच्या आत, खोलवर असतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात आणि पिळलेल्या फडक्यातून पाणी निघावे तसे रक्त त्या शिरांतून निघते. स्नायू सैल पडले की वरच्या कातडीखालच्या शिरांतून रक्त आत ओढले जाते. म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती अतिशयोक्ती नव्हे. निरोगी माणूस चालू लागला की घोट्याच्या शिरेतील तो ९० चा दाब काही पावलांतच ३० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो.

दुसरी युक्ती झडपांची. पिळलेले रक्त वर गेले, पण स्नायू सैल पडताच ते पुन्हा खाली का येत नाही? ज्यांनी अंगणातील हातपंप खोलून पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल. पंपात चामड्याचे वॉशर असते; ते पाण्याला वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. शिरांच्या आत ठिकठिकाणी अशाच दोन पाकळ्यांच्या नाजूक झडपा असतात. रक्त वर जाताना त्या उघडतात, खाली येऊ लागले की मिटतात. इमारतीचे काम चालू असताना पराती घेऊन उभ्या असलेल्या मजुरांची रांग आपण पाहतो. प्रत्येक जण घमेले वरच्याच्या हाती देतो आणि त्याने ते घट्ट धरले म्हणजे आपला हात सोडतो. झडपांचे काम तेच आहे. एवढ्या उंच खांबाचे वजन एकट्या घोट्यावर पडू न देता त्या ते वाटून घेतात.

या झडपांची गोष्ट शाळेतील मुलांना मी दरवर्षी सांगते, कारण ती त्यांना स्वतःच्या हातावर पडताळून पाहता येते. इटलीतील पादुआ येथे फॅब्रिशियस नावाचे अध्यापक होते. त्यांनी शिरांतील या झडपांवर १६०३ साली पुस्तक प्रसिद्ध केले. झडपा त्यांनी नीट पाहिल्या, चित्रे उत्तम काढली, पण त्यांचे काम ओळखण्यात ते चुकले. रक्त फार वेगाने हातापायांकडे जाऊ नये म्हणून निसर्गाने हे बांध घातले आहेत, असे त्यांना वाटले. त्यांचा विद्यार्थी विल्यम हार्वे हा इंग्रज तरुण. त्याने विचार केला, बांधच घालावयाचे तर ते सगळे एकाच दिशेने का उघडतात? पुढे १६२८ साली त्याने आपल्या पुस्तकात रक्त शरीरात फिरून परत हृदयाकडे येते हे सिद्ध केले, आणि त्यासाठी केलेला प्रयोग कोणालाही घरी करता येतो. कोपराच्या वर रुमाल जरासा आवळून बांधा. हाताच्या शिरा फुगतील आणि त्यांवर मधूनमधून बारीक गाठी दिसतील, त्या झडपा. एका गाठीच्या खालच्या बाजूला, मनगटाकडे, शिरेवर बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तेथून वर गाठीपलीकडे रक्त सारा. मधला भाग रिकामा होईल आणि रिकामाच राहील. वरून रक्त खाली येत नाही. खालचे बोट उचला, लगेच शीर भरेल. सातवीतील मुलेसुद्धा हे पाहून आपसांत कुजबुजू लागतात. रुमाल मिनिटभरात सोडावा, हे मात्र त्यांना बजावून सांगावे लागते.

झडपा बिघडल्या म्हणजे जे होते ते म्हणजे हा विकार. पायातील दोन वरवरच्या शिरांची नावे लक्षात ठेवण्याचे कारण नाही. जागा मात्र लक्षात ठेवाव्यात. एक शीर आतल्या घोट्याच्या पुढून निघून पोटरीच्या व मांडीच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाते. ही शरीरातील सर्वांत लांब शीर. दुसरी बाहेरच्या घोट्याच्या मागून निघून पोटरीच्या मागच्या बाजूने गुडघ्याच्या खोबणीपर्यंत जाते. या दोन्ही वरवरच्या असल्यामुळे त्यांना स्नायूंचा आधार नाही. कातडी आणि थोडी चरबी एवढेच त्यांचे पांघरूण. शिरेची भिंत सैल पडून ती रुंद झाली की झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना भिडत नाहीत. दाराची चौकट पसरली तर चांगली फळीसुद्धा बंद बसत नाही, तसेच हे. वरचे दार उघडे राहिले की त्याचे ओझे खालच्या दारावर पडते, मग तेही पसरते. असे करीत बिघाड खाली खाली उतरतो आणि घोट्याशी पुन्हा तो सबंध खांब उभा राहतो. आता चालण्यानेही दाब उतरत नाही. शीर लांबते, आणि लांबलेली दोरी तेवढ्याच जागेत राहावयाची तर वेडीवाकडी होणारच.

भिंत आधी सैल पडते की झडप आधी बिघडते, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. आपल्याला त्यात पडण्याचे कारण नाही. कोणाची शीर सैल पडते हा प्रश्न मात्र महत्त्वाचा. सर्वांत मोठे कारण घराण्याचे. आईला किंवा वडिलांना असेल तर मुलांना होण्याचा संभव वाढतो, दोघांनाही असेल तर फारच. त्यानंतर वय, पाकळ्याही झिजतात. त्यानंतर बाळंतपण : पोटात मूल असताना अंगात रक्त वाढते, संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती मऊ पडतात आणि वाढलेले गर्भाशय ओटीपोटातील शिरा दाबते. पहिल्या बाळंतपणानंतर फुगलेल्या शिरा काही महिन्यांत पुष्कळशा ओसरतात. दर खेपेस थोड्या मागे राहतात. लठ्ठपणाचाही वाटा आहे. पूर्वी कधी खोल शिरेत गुठळी झाली असेल तर तिने झडपा जळल्यासारख्या होतात. आणि उभे राहणे. डेन्मार्कमध्ये काही हजार कामकरी लोकांवर बारा वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा कामाचा बहुतेक वेळ उभे राहण्यात किंवा चालण्यात घालविणाऱ्यांना या विकारासाठी रुग्णालयात जाण्याची पाळी इतरांपेक्षा अधिक आली असे आढळले. उभे राहण्याने चांगली शीर एकाएकी बिघडते असे नव्हे. जी मुळात कच्ची आहे तिला ते पसरविते.

हा बायकांचा आजार, असा एक समज आहे. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरातील पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. तीत १८ ते ६४ वयाच्या स्त्रीपुरुषांचे पाय प्रत्यक्ष तपासले होते. मोठ्या फुगलेल्या शिरा शंभरात ४० पुरुषांना आणि ३२ स्त्रियांना आढळल्या. अर्थात पुरुषांना होतात आणि ते बोलत नाहीत. मांडी घालून बसण्याने, पायावर पाय टाकून बसण्याने किंवा रक्त ‘खराब’ झाल्याने शिरा फुगतात, या समजुतींनाही आधार नाही. रक्त चांगलेच असते. त्याचा रस्ता बिघडलेला असतो.

आता माझ्या खालाची हकीकत सांगते. याकूतपुऱ्यात त्यांच्या घरचे इस्त्रीचे दुकान होते आणि मालू निधनानंतर त्यांनी ते एकटीने पंचवीस वर्षे चालविले. कोळशाची जड इस्त्री, पुढे विजेची. उभे राहणे तेच. उजव्या पायावर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वेल चढला होता. सलवारीच्या आत तो कोणाला दिसत नसे, आणि दाखविण्याची त्यांना लाज वाटे. संध्याकाळी पाय शिशासारखे जड होत, घोटे सुजत, रात्री पोटरीत गोळे येत. मग आतल्या घोट्याच्या वर कातडी तपकिरी झाली. त्यांना वाटले इस्त्रीच्या धगीने पाय काळवंडला. वस्तुतः दाबामुळे रक्तपेशी शिरेबाहेर झिरपतात, त्यांतील लोह कातडीत साचते, त्याचा तो रंग. त्या जागी खाज सुटे आणि त्या खाजवीत. खाजविलेली जागा एकदा फुटली ती चार महिने भरली नाही. कोणी मलम दिले, कोणी हळद लावली, एका बाईने जळवा लावण्यास सांगितले. साखर तपासली, ती ठीक होती. पायातील शिरेकडे बोट दाखविणारे कोणी भेटले नाही, कारण खाला पायाचा फक्त तो रुपयाएवढा भाग दाखवीत. वरची सलवार उचलीत नसत.

एके दिवशी पहाटे वजू करताना त्यांनी घोटा चोळला आणि खपली निघाली. कातडीखाली नुसत्या पापुद्र्याने झाकलेली शीर तेथे होती. रक्ताची चिळकांडी उडाली. दुखले मुळीच नाही, म्हणून प्रथम त्यांना कळलेही नाही. फरशी लाल झालेली पाहून त्या ओरडल्या. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच मुक्कामाला होते. आम्ही त्यांना खुर्चीवर बसविले आणि गुडघ्याच्या वर ओढणी करकचून बांधली. सापाला बांधतात तशी. रक्त थांबेना, उलट जास्त येऊ लागले. खालांचा चेहरा पांढरा पडला, त्या खुर्चीवरून कलंडू लागल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या मराठी काकू धावत आल्या. त्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका.

“आधी ती गाठ सोडा!” त्या ओरडल्या. “आणि आपांना खाली झोपवा. झोपवा म्हणते ना!”

आम्ही घाबरत गाठ सोडली. काकूंनी खालांना जमिनीवर आडवे केले, त्यांचा पाय उचलून तक्क्यावर उंच ठेवला, धुतलेल्या रुमालाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने दाबून धरली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “आता घड्याळ बघ. दहा मिनिटे मी हात काढणार नाही.” दहा मिनिटांनी रक्त थांबलेले होते. मग पट्टी बांधून, पाय उंचच ठेवून, त्यांना रुग्णालयात नेले.

मी पंधरा वर्षे मुलांच्या हातावर रुमाल बांधून हार्वेचा प्रयोग दाखवीत होते, आणि खालाच्या पायावर तोच प्रयोग उलटा केला. रोहिणी खोल असतात, त्यांतील जोर मोठा असतो. घाईत बांधलेल्या ओढणीने रोहिणी बंद होत नाही, पायात रक्त येतच राहते. बंद होते ती वरवरची शीर, म्हणजे परत जाण्याची वाट. मग ते रक्त फुटलेल्या भोकातून बाहेर पडेल नाही तर काय होईल? त्यात माणूस खुर्चीवर बसलेला, म्हणजे तो खांब उभाच. आडवे करून पाय हृदयाहून उंच उचलला की दाब क्षणात उतरतो आणि मग बोटाने दाबले तरी पुरते. फुगलेली शीर फुटून, वेळीच पाय वर न केल्यामुळे माणसे दगावली आहेत. या लेखातील दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे : बांधू नका, आडवे करा, पाय उंच करा, दाबून धरा.

खालांचा पाय पुढे बरा झाला. ध्वनिलहरींच्या यंत्राने शिरांत रक्त कोणत्या दिशेने वाहते ते पाहिले. त्यात दुखत नाही. मग बिघडलेली शीर आतून बंद केली आणि दीड महिन्यात ती जुनी जखम भरली. मलमाने जे झाले नाही ते दाब उतरताच झाले.

उपचाराविषयी लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, शीर बंद केली किंवा काढली तर रक्त जाईल कोठून? पायातील रक्ताचा फार मोठा भाग खोल शिरांतूनच वर जातो. बिघडलेली वरची शीर मदत करीत नसते, उलट आणलेले रक्त खाली सांडीत असते. ती बंद झाली तर बाकीच्यांचे ओझे कमी होते. मात्र हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत पायातील हीच लांब शीर काढून हृदयाला लावतात, म्हणून चांगली शीर उगाच काढू नये, हेही खरे. दुसरा प्रश्न दुखण्याचा. रोमचा सेनापती मारियस याच्या दोन्ही पायांवर अशा शिरा होत्या. त्याने न बांधून घेता, न कण्हता एक पाय कापून घेतला. वैद्य दुसऱ्याकडे वळताच तो म्हणाला की ही सुधारणा एवढ्या वेदनेच्या मोलाची नाही, असे प्लुटार्क सांगतो. जर्मनीत ट्रेंडेलेनबुर्ग या शल्यवैद्याने १८९० च्या सुमारास शीर मांडीत बांधण्याची पद्धत रूढ केली. पुढे सबंध शीर ओढून काढू लागले. आता बहुतेक वेळा सुईच्या भोकातून तार घालून लेसरच्या किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर आतून बंद करतात, किंवा औषधाचा फेस टोचतात. जागा बधिर करून हे होते आणि रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. मारियसने दुसरा पायही पुढे केला असता. बंद केलेल्या शिरेच्या शेजारची दुसरी शीर काही वर्षांनी फुगू शकते, हे मात्र आधीच समजून घ्यावे.

दाबाचे मोजे उपयोगी आहेत, पण त्यांत दोन अडचणी आहेत. ते सकाळी, पाय सुजण्यापूर्वी, अंथरुणातच चढवावे लागतात. आणि बडोद्याच्या मे महिन्यात ते दिवसभर घालणे म्हणजे शिक्षा आहे, हे मी स्वानुभवाने सांगते. ज्यांना मधुमेह आहे किंवा जे विडीसिगारेट ओढतात त्यांच्या रोहिणी अरुंद झालेल्या असू शकतात. अशांनी पावलातील नाडी डॉक्टरांकडून पाहून घेतल्याशिवाय घट्ट मोजा किंवा पट्टी मुळीच बांधू नये. पायाचा रक्तपुरवठाच तुटावयाचा. एकच पाय एकाएकी सुजला, पोटरी गरम व दुखरी झाली, तर तो खोल शिरेतील गुठळीचा इशारा असू शकतो. त्या दिवशीच रुग्णालय गाठावे. बाळंतिणीने सव्वा महिना अंथरुणाला खिळून राहण्याची आपल्यातील चाल या दृष्टीने बरी नाही. विश्रांती घ्यावी, पण घरात फिरावे आणि पडल्यापडल्या घोटे हलवीत राहावे.

कारण सगळे येऊन थांबते ते पोटरीपाशी. या शहरात जुम्मादादांचा आखाडा आणि त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव यांची परंपरा आहे. एका मुसलमान उस्तादाच्या नावाची व्यायामशाळा एका मराठी शिष्याने नावारूपाला आणली, हा बडोद्याचा दागिना आहे. अशा गावात पोटरीला व्यायाम द्या असे सांगावे लागावे, याचे आश्चर्य वाटते. कमाटीबागेतील अर्धा तास चालणे पुरे. गरब्यात नाचणाऱ्याचे पाय दुखतील, पण पोटरीचा पंप चालू असतो. कडेला तीन तास उभे राहून पाहणाऱ्याचे पाय सुजतात. जागच्या जागी उभे राहावेच लागत असेल तर दर काही मिनिटांनी दोन्ही टाचा उचलून दहापंधरा वेळा खालीवर करावे. मी फळ्यावर लिहिताना हे करते. मुलांना प्रथम हसू येई, आता सवय झाली आहे.

बसण्याची सोय हा मात्र ज्याच्या त्याच्या व्यायामाचा प्रश्न नव्हे. केरळात कोझिकोडच्या कापडाच्या दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना गिऱ्हाईक नसतानाही बसू देत नसत. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतर स्त्रियांनी अनेक वर्षे चळवळ केली, आणि २०१८ साली त्या राज्याने दुकानांच्या कायद्यात कामगारांना बसण्याची सोय देण्याचे कलम घातले. तमिळनाडूने २०२१ साली तसेच केले. आपल्या सभासदांपैकी कित्येकांची दुकाने आहेत, काहींचे कारखाने आहेत. त्यांच्या गल्ल्यामागे खुर्ची असतेच. काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलीसाठी एक उंच स्टूल ठेवण्यास शेपाचशे रुपयांहून फारसे अधिक लागत नाहीत. संस्थेच्या स्नेहभोजनात पहाटेपासून चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बायांसाठीही, या वर्षी, दोन स्टुले स्वयंपाकघरात ठेवावीत, अशी चिटणीसांना माझी विनंती आहे. खाला आता दुकानात बसून इस्त्री करतात. टेबलाचे पाय सुताराकडून चार बोटे कापून घेतले, एवढेच करावे लागले.